फोर्ट नॉक्सला ट्रक किती लागतील?

विषय निघाला पप्याने. शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर बूड टेकायच्या आतच त्याने जाहीर केलं, की इयान फ्लेमिंगच्या जेम्स बाँड मालिकेत 'गोल्डफिंगर'च्या तोडीचं पुस्तक नाही आणि शेवटचा फोर्ट नॉक्सचा, म्हणजे अमेरिकी सरकारच्या केंटकीतल्या सोन्याच्या तिजोरीचा, दरोडा म्हणजे फ्लेमिंगचा कळस.

"कळस नाही, तिथेच देऊळ खचतं," मास्तर म्हणाले. "तेवीस प्रकरणांपैकी पहिली चौदा मी डोक्यावर घेतो. पंधराव्यापासून लेखकाने हिशेबाची वही मिटून ठेवलीय."

मास्तर गणिताचे, त्यामुळे वही निघणार हे ठरलेलं होतं. सिगारेटच्या पाकिटाची पाठ निघाली.

"पुस्तक 1959 चं, मालिकेतलं सातवं. तेव्हा अमेरिकी सरकारचा सोन्याचा भाव ठरलेला होता, औंसाला 35 डॉलर. फ्लेमिंग म्हणतो फोर्ट नॉक्समध्ये पंधरा अब्ज डॉलरचं सोनं आहे. भागा पस्तिसाने. 42 कोटी 86 लाख औंस. हा औंस सोन्याचा, म्हणजे 31.1 ग्रॅमचा. किती झालं? तेरा हजार तीनशे टन."

"आकडाच खोटा असेल," वकील.

"आकडा पटण्यासारखा आहे. 1941 च्या शेवटी तिथे जवळजवळ 65 कोटी औंस होतं. आज पावणेपंधरा कोटीच्या आसपास उरलंय. तिजोरीत किती आहे याबद्दल माझं भांडण नाही. भांडण आहे ते बाहेर काढण्याबद्दल. एक वीट चारशे औंसांची, साधारण साडेबारा किलो. अशा विटा दहा लाख सत्तर हजार. एक माणूस एका खेपेला दोन उचलेल, म्हणजे पंचवीस किलो. शंभर माणसं लावा. खेपेला दोन मिनिटं धरा, आत जायचं, उचलायचं, बाहेर यायचं, ट्रकवर ठेवायचं, परत फिरायचं. दम खाणं नाही, पाणी पिणं नाही. साडेसात दिवस लागतात. रात्रंदिवस. आणि दहा टनी ट्रकच्या खेपा तेराशे तेहतीस."

पप्या हटला नाही. "तो खलनायक गोल्डफिंगर सगळं थोडंच नेणार होता? टोळ्यांना वाटे होते."

"एक अब्ज डॉलरचा वाटा धर. 890 टन. तुझ्या एका टोळीला एकोणनव्वद ट्रक. शिवाय मुद्देमाल घेऊन केंटकीच्या रस्त्यावरून पळायचं! गोल्डफिंगरचा स्वतःचा वाटा तर व्हर्जिनियातल्या नॉरफोकला जाऊन रशियन क्रूझरवर चढायचाय. सोन्याची घनता 19.3. घागरभर पाण्याच्या जागी घागरभर सोनं ठेवलं तर घागर दोघांना उचलत नाही."

इथे वकिलाने सिनेमा काढला. 1964 च्या सिनेमात हेच गणित खुद्द बाँडच्या तोंडी घातलंय: साडेदहा हजार टन, साठ माणसं, बारा दिवस, दोनशे ट्रक. मास्तरांनी लगेच ताडून पाहिलं. साठ गुणिले बारा, सातशे वीस माणूस-दिवस. त्यांचे शंभर गुणिले साडेसात, साडेसातशे. म्हातारा खूश झाला. मग लगेच नाक मुरडलं, की पंधरा अब्ज धरले तर साडेदहा हजार टन हा आकडा कमीच आहे.

"पण मुद्दा बघा," वकील म्हणाला. "पुस्तकात गोल्डफिंगर कॉर्पोरल क्षेपणास्त्राचं अण्वस्त्र लावून तिजोरी फोडतो आणि सोनं नेऊ बघतो. सिनेमात तो सोन्याला हातच लावत नाही. किरणोत्सर्गी करून अठ्ठावन्न वर्षं निकामी करायचं, म्हणजे त्याच्या स्वतःजवळच्या सोन्याचा भाव चढेल. खलनायक एकदम दसपट हुशार झाला, तोही एक अडचण सोडवताना. पटकथाकाराने मूळ लेखकाचं गणित दुरुस्त केल्याची इतकी स्वच्छ उदाहरणं कमी."

"म्हणजे सिनेमा भारी?"

"या एका बाबतीत. बाकी पुस्तक."

एवढा वेळ सराफ गप्प होता. सराफ म्हणजे आडनावाने नाही, झवेरी बाजारात कामाला म्हणून. सोन्याची गोष्ट निघाली की तो शेवटी बोलतो, आणि मग थांबत नाही.

"तुम्ही सगळे फोर्ट नॉक्सला जाऊन बसलात. खरी चोरी मधल्या भागात आहे आणि ती मुंबईसाठी आहे," तो म्हणाला. "पुस्तकात गोल्डफिंगर सोनं भारतात पाठवतो. का? कारण 1947 पासून आपल्याकडे सोन्याच्या आयातीवर निर्बंध. जगात भाव 35 डॉलर, आपल्याकडे त्याहून कितीतरी चढा. हा फरक फ्लेमिंगने बरोबर हेरला. आता गाडी बघा."

गाडी म्हणजे जुनी रोल्स-रॉइस सिल्व्हर घोस्ट. एका दक्षिण अमेरिकी राष्ट्राध्यक्षासाठी चिलखती बनवलेली. तो गाडी ताब्यात घ्यायच्या आधीच मारला गेला, ती गोल्डफिंगरने घेतली. केंटमधल्या रिकल्व्हरच्या आपल्या कारखान्यात तो पोलादी चिलखत उतरवतो आणि त्या जागी अठरा कॅरेटच्या पांढऱ्या सोन्याचे पत्रे बसवतो. मग विमानात गाडी घालून इंग्लिश खाडी पार, तिथून स्वित्झर्लंड.

"आता पोलाद 7.8, अठरा कॅरेट पांढरं सोनं पंधराच्या आसपास. त्याच जाडीचा पत्रा लावलास तर वजन दुप्पट, आणि स्प्रिंग बसल्या की कस्टमवाला वाकून बघणारच. पण पाच मिलिमीटर पोलाद काढून अडीच मिलिमीटर सोनं लाव. वजन जवळपास तेवढंच! काटाही फसला. वर गाडी जड असायचीच हे त्या कस्टमवाल्याला वर्षानुवर्षं पाठ. चोरी लपवायला त्याने खोटं काही उभं केलं नाही, असलेला जडपणाच वापरला. हे मला या पुस्तकात सगळ्यात आवडतं."

"चोवीस कॅरेटच का नाही? फायदा जास्त," पप्या.

"शुद्ध सोनं मऊ, दार आपटलं तरी पोचा. आणि रंगावर ओरखडा गेला की पिवळं दिसणार. पांढरं कडक असतं आणि ओरखड्यातून पोलादासारखं दिसतं. एक चौरस मीटर पत्रा पाच मिलिमीटरचा घेतलास, तर पंचाहत्तर किलो. त्यात शुद्ध छप्पन्न. तेव्हाच्या भावाने त्रेसष्ट हजार डॉलर, एका चौरस मीटरला. पण मग पुढचा त्रास लेखकाने सांगितलाच नाही. हे सोनं परत शुद्ध करायला लागतं. पाऊण भाग सोनं असलं की नुसतं तेजाब आत शिरत नाही. आधी चांदी घालून सोन्याचा भाग चौथाईवर आणायचा, मग नायट्रिकमध्ये बाकीचं विरघळवायचं, किंवा सरळ अम्लराज, म्हणजे सोनंही विरघळवणारं तेजाब, वापरायचं. आमच्याकडे विटा-आटपाडीकडचे गलाईवाले हे काम पिढ्यान्‌पिढ्या करतात. त्यांच्यातला कुणी फ्लेमिंगला भेटला असता, तर एक प्रकरण वाढलं असतं."

मला तरी हे प्रकरण वाचायला आवडलं असतं.

"आणि खोट कुठे आहे तेही सांगतो," सराफ आता पेटलाच होता. "स्वित्झर्लंडात कॉपेच्या कारखान्यात तो त्या सोन्याच्या विमानातल्या खुर्च्या ओततो, आणि विमान भारतात. कशाला? इंग्लंडमधून सोनं बाहेर काढायला बंदी होती, म्हणून गाडीचं नाटक लागलं, हे कबूल. पण एकदा स्वित्झर्लंडला पोचल्यावर तिथे बंदी कुठे होती? तिथून राजरोस दुबई, दुबईहून लाँच, लाँचमधून अंगातल्या कापडी जाकिटात दहा तोळ्यांची बिस्किटं. एक बिस्किट 116.64 ग्रॅम, शंभर बिस्किटं साडेअकरा किलो. अंगावर घालून माणूस चालतो. खऱ्या तस्करीने हाच रस्ता धरला. विमानाच्या खुर्च्या सोन्याच्या केल्यात, तर तेवढे प्रवासी नाहीतर तेवढं पेट्रोल कमी करायला लागतं."

"कादंबरी आहे रे," पप्या म्हणाला. "जाकिटात बिस्किटं घातलेला माणूस कोण वाचणार?"

"मी," सराफ.

वकिलाचं भांडण वेगळंच होतं. त्याला वजन-बिजन काही नको. त्याला गोल्फ हवा. आठवं आणि नववं प्रकरण अख्खं एका खेळावर, दहा हजार डॉलरची पैज. गोल्डफिंगरचा चेंडू डनलॉप 65, क्रमांक एक; बाँडचा पेनफोल्ड हार्ट्स. गोल्डफिंगर लबाडी करतो, म्हणून बाँड त्याला लबाडीनेच नियमात पकडतो: चेंडू बदलून क्रमांक सातचा देतो, शेवटचं होल त्याला त्याने खेळू देतो आणि मग बोट दाखवतो. मॅच-प्लेमध्ये, म्हणजे एकेका होलवर हार-जीत ठरते त्या प्रकारात, चुकीचा चेंडू मारलास की ते होल गेलं. अपील नाही, पंच नाही.

"शत्रूला कायद्याच्या कलमाने मारलाय," वकील म्हणाला. "पुढे बाँडला करवतीने कापायची वेळ येते, तेव्हासुद्धा मला एवढी धाकधूक झाली नाही."

"गोल्फ कळत नसलेल्याने काय करायचं?"

"हरवलेला चेंडू शोधायला तेव्हा पाच मिनिटं मिळायची, 2019 पासून तीन झाली. एवढं कळलं तरी पुरे. बाकी फ्लेमिंग सांगतो. पण मायामीतलं कॅनास्टा, म्हणजे तो पत्त्यांचा डाव, मात्र त्याने गुंडाळलंय. दोन जोड आणि चार जोकर, 108 पत्ते, दोघांच्या डावात हातात पंधरा. समोरच्याचा हात दिसला तर कुठलं पान टाकलं की तो गड्डी उचलणार नाही हे कळतं, सगळा खेळ त्यावर. गोल्डफिंगरच्या साथीदाराने दुर्बिणीतून समोरच्याचे पत्ते बघायचे आणि त्याच्या कानातल्या यंत्रावर सांगायचं, ही युक्ती झकास, पण नेमकी कुठल्या पानाला ती उपयोगी पडली ते एकदाच दाखवलं असतं ना..."

"आणि तुमच्या कायदेपंडित बाँडला त्या गुन्हेगाराने जिवंत ठेवलं कसं ते सांग," मास्तर हळूच म्हणाले.

इथे वकील गडबडला, कारण ही जागा खरीच पोकळ आहे. करवतीखालून सोडवल्यावर गोल्डफिंगर बाँडला आणि त्याच्यासोबत पकडलेल्या टिलीला चक्क कारकून म्हणून नेमतो. दरोड्याची कागदपत्रं टंकायला! मग बाँड विमानाच्या संडासात सीटखाली चिठ्ठी चिकटवतो, पोचवणाऱ्याला पाच हजार डॉलर बक्षीस, आणि अमेरिकेचा सुवर्णसाठा त्या चिठ्ठीवर वाचतो.

"झाडूवाल्याने त्या दिवशी दांडी मारली असती तर?" सराफ.

"तर पाण्यात घातलेल्या विषाने अख्खं गाव मेलं असतं. औषध झोपेचं म्हणून टोळीवाल्यांना सांगितलेलं, प्रत्यक्षात मज्जासंस्थेवरचं जीबी. म्हणजे सारिन. कबूल, चिठ्ठी कच्ची आहे," वकील म्हणाला.

पप्याला अजून एक पत्ता टाकायचा होता. सोन्याच्या रंगाने गुदमरलेली मुलगी. मास्तरांनी तो तिथेच कापला: माणूस त्वचेने श्वास घेत नाही. घाम अडून ताप चढू शकतो, रंगातलं विष अंगात जाऊ शकतं, पण श्वास नाकातोंडानेच. गंमत म्हणजे पुस्तकात हा प्रसंग घडताना दिसतसुद्धा नाही, त्या मुलीच्या बहिणीच्या, म्हणजे टिलीच्या, तोंडून कळतो. सिनेमाने तो पलंगावर आणून ठेवला, म्हणून सगळ्यांना तो पुस्तकातच पाहिल्यासारखा वाटतो.

"विमानाच्या खिडकीतून माणूस ओढला जाणं तरी खरं धरायचं का?" पप्या आता रडकुंडीला आलेला.

"पुस्तकात गोल्डफिंगरचा कोरियन नोकर ऑडजॉब जातो, सिनेमात खुद्द गोल्डफिंगर," वकील. "जून 1990 मध्ये ब्रिटिश एअरवेजच्या विमानाची पुढची काच निखळली, कॅप्टन कमरेपर्यंत बाहेर गेला. सहकाऱ्यांनी पाय धरून ठेवले, वाचला. पुढची काच मोठी असते. प्रवाशाच्या खिडकीतून ऑडजॉबसारखा रेडा अख्खा जाईल? अडकेल. बूच होईल."

"कोरियन माणसांबद्दल जे लिहिलंय ते मात्र आज वाचवत नाही," सराफ म्हणाला, आणि यावर कुणी वाद घातला नाही. 2023 च्या नव्या आवृत्त्यांत मालिकेतला काही वंशविषयक मजकूर बदलला आहे. जुनी प्रत की नवी, यावर दोन मिनिटं कुजबुज झाली. मास्तर जुनीच्या बाजूने.

पप्याने हार मानली नाही, फक्त बाजू बदलली. मग मालिकेतलं पुढचं कुठलं वाचू, असं विचारलं. वकील म्हणाला, मागे जा, पाचवं घे, 'फ्रॉम रशिया विथ लव्ह'. तिथे आधी दहा प्रकरणं शत्रू कट रचत बसतो आणि बाँड येतो अकराव्यात.

"दहा प्रकरणं हीरो नाही? अर्नाळकरांच्या झुंजारला एवढं थांबवलं असतं, तर वाचकांनी दुकान जाळलं असतं."

"तिथे वजनाचा प्रश्न नाही," मास्तर पाकीट खिशात घालत म्हणाले. "एक सांकेतिक यंत्र आहे. एका बॅगेत बसतं."