खोकल्याला मिळालेली जागा

निमाणीहून नाशिकरोडला जाणाऱ्या बसमध्ये काल सकाळी साडेनऊला मला अख्खा बाक मिळाला. त्यासाठी मी फक्त एकदा खोकलो होतो, तोही रुमालात. शेजारच्या बाईंनी पदर नाकाला लावला, पोराला कडेवर घेतलं आणि उभ्यानं जाणं पत्करलं.

रिकाम्या जागेवर एक काका येऊन टेकले. हातात किल्ल्यांचा जुडगा. त्यातली कपाटाची बारीक किल्ली निवडून त्यांनी ती कानात घातली, डोळे अर्धे मिटले आणि ठसका देत म्हणाले, "द्राक्षं खाल्ली ना?"

"नाही."

"मग फवारणीची हवा लागली."

"काका, मी भर शहरात, रविवार कारंजावर राहतो."

"म्हणजे उष्णता!" किल्ली दुसऱ्या कानात. पुन्हा ठसका. "अडुळसा घ्या. आमच्या साडूंचा गेला तीन दिवसांत."

"माझा नववा आठवडा आहे."

"मग सहा दिवस घ्या."

शालिमारपर्यंत ज्येष्ठमध, भाजलेली लवंग आणि बेहडा झाला. प्रश्न मात्र एकही नाही. आपल्याकडे खोकणाऱ्याला औषध सांगायला माणसं धावत येतात, पण खोकला कोरडा की कफाचा, रात्री वाढतो की जेवल्यावर, हे विचारायला कुणाला सवड नसते. सर्दीनंतरची ढास तीन आठवडेसुद्धा रेंगाळते. पण खोकला दोन आठवड्यांपुढे गेला की आपल्या देशात थुंकी तपासायचीच. सरकारी दवाखान्यात ते फुकट होतं. संध्याकाळचा ताप, घटणारं वजन किंवा थुंकीत रक्त असेल तर दोन आठवडेही थांबू नये. आठ आठवडे उलटले की तो जुनाट. मग छातीचा एक्स-रे. तो स्वच्छ निघाला आणि माणूस विडी-सिगारेट ओढत नसेल, तर बहुतेक वेळा तिघांपैकी कुणीतरी सापडतं: घशात मागून ओघळणारं नाकाचं पाणी, शिट्टी न वाजवणारा दमा किंवा वर चढणारं आम्ल. दम्याचा खोकला पहाटे आणि गार हवेत उसळतो, फुंकर मारायच्या चाचणीत त्याचा माग लागतो. आम्लवाल्यानं झोपण्याआधी तीन तास जेवावं आणि पलंगाच्या उशाकडच्या पायांखाली सहा इंचांच्या विटा द्याव्यात. नुसत्या उशा रचल्या की पोट दुमडतं, आम्ल आणखी वर येतं.

माझी थुंकी स्वच्छ, एक्स-रे स्वच्छ. चोर निघाला बीपीची गोळी, रामिप्रिल. नावाच्या शेपटाला 'प्रिल' असलेल्या गोळ्यांनी काही जणांच्या घशात कोरडी खाज सुटते. कधी आठवड्यात, कधी काही महिन्यांनी. सिरपच्या बाटल्या रिचवून उपयोग नाही. आपल्या मनानं गोळी सोडायचीही नाही. डॉक्टर तिच्या जागी 'सार्टन' घराण्यातली देतात. माझी बदलून बारा दिवस झालेत. खोकला जायला एक ते चार आठवडे लागतात, क्वचित तीन महिने. आता हे पदरवाल्या बाईंना कसं सांगू? रिपोर्ट गळ्यात अडकवून फिरू?

"आणि कानानंही खोकला येतो, काका," मी वैतागून म्हणालो. "घसा सांभाळणाऱ्या मज्जातंतूची एक फांदी कानाच्या नळीत जाते. तिथं मळ साचला, केस टोचला किंवा काही खुपसलं, तर काही जणांना ठसका लागतो."

"कानाचा काय संबंध?" काका हसले आणि मला खोटं पाडायला त्यांनी किल्ली जरा जास्तच आत सरकवली.

द्वारका येईपर्यंत ते खोकत होते. पुढच्या बाकावरची दोघं उठून दाराशी गेली, आणि त्या बाईंनी मला पाहिलं होतं तसंच त्यांच्याकडे पाहत पोराचं तोंड खिडकीकडे वळवलं.

"धूळ आहे," काका म्हणाले.