पोरगं ऐकत नाही? अजून थोडं कमी पडताय तुम्ही

"आमचं पोरगं ऐकतच नाही ओ" ही तक्रार सोलापुरात घराघरात आहे. पण खरं सांगू का, ते अजून बऱ्यापैकी ऐकतंय. हाक मारली की वळून बघतंय, कुकरच्या शिट्टीला दचकतंय. म्हणजे तुमचं काम अर्धवट राहिलंय. तीन-चार वर्षांचं वय यासाठी एकदम बेस्ट असतंय, कारण कानात काय होतंय ते त्याला सांगता येत नाही आणि रडलं तर झोप आली असेल म्हणून सोडून देता येतं.

सुरुवात मिरवणुकीपासून करा. लेझीम आपल्या गावाची शान आहे पण तिच्यात बेस नसतो, त्यामुळं तिथं रेंगाळू नका, सरळ पुढं सरका, जिथं साऊंड सिस्टीमच्या स्पीकरची भिंत उभी केलीय तिथं. आणि पोराला खांद्यावरच घ्यायचं. खाली उभं केलं तर मोठ्यांची अंगं मधी येतात, थोडा तरी आवाज अडतो, खांद्यावर बसवलं की कान बरोबर वरच्या स्पीकरच्या लेव्हलला. मागच्या वर्षी एकजण बघितला मी, पोरगं असेल तीनेक वर्षाचं, दोन्ही तळहात कानावर गच्च दाबलेले, डोळे मिटलेले, आणि बाप एका हातात मोबाईल धरून दुसऱ्या हातानं त्याचा एकेक हात खाली ओढतोय, "हात वर कर की बे, नाच की". एक हात काढला की पोरगं तो परत कानावर नेतंय, असं चार-पाच वेळा झालं, शेवटी ते दमलं आणि हात सोडून दिले. व्हिडिओ झकास आला असणार.

आता हिशोब. जागतिक आरोग्य संघटना म्हणते की लहान पोरांना आठवड्याला ४० तास ७५ डेसिबलपर्यंतचा आवाज चालतो, मोठ्यांना ८०. पुढं दर ३ डेसिबलला आवाजातली ऊर्जा दुप्पट होते आणि वेळ निम्मा करावा लागतो. म्हणजे पोरांना ८५ ला चार तास, ९५ ला चोवीस मिनिटं, आणि १०५ ला जेमतेम अडीच मिनिटं, तीसुद्धा अख्ख्या आठवड्याची. सिस्टीमच्या भिंतीसमोर १०५ म्हणजे काहीच नाही. तुम्ही पार्किंग शोधून, पोराला खांद्यावर घेऊन, सेल्फी काढेपर्यंत त्याचा आठवड्याचा कोटा संपलेला असतो, वरचे तीन तास बोनस.

कोणी शहाणा म्हणेल पोराला इअरमफ घाला, ते हेडफोनसारखं कानावर बसतं, वीस-पंचवीस डेसिबल कमी करतं. अजिबात घालू नका. लोकं काय म्हणतील? पोराच्या वाढदिवसाला सात हजाराची बॅटरीवरची जीप घेणारा माणूस मिरवणुकीत इअरमफ घातलेलं पोरगं घेऊन फिरतो, बरं दिसतं का ते.

मिरवणूक वर्षभर नसते, मग मधल्या काळात सराव तुटतो ही अडचण आहे. पण गड्ड्याच्या, म्हणजे आपल्या सिद्धेश्वराच्या यात्रेतनं एक पिपाणी आणा, ती भावानं वाजवायची आणि बहिणीच्या कानाशीच वाजवायची, अंतर निम्मं केलं की आवाज साधारण ६ डेसिबलनं वाढतो, फुकटात. पूर्व भागात राहत असाल तर मग प्रश्नच मिटला, खाली यंत्रमाग आणि वर पाळणा, जन्मापासून ट्रेनिंग. आमच्या ओळखीतले एक मामा तीस वर्षं मागावर होते, आता त्यांच्याशी बोलायचं म्हणजे गल्लीला कळतं. (त्यांना निदान त्याचा पगार मिळाला, पोरांना आपण तिकीट काढून नेतो.)

बालवाडीची साथ असतेच. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमानं शाळेभोवती १०० मीटर शांतता क्षेत्र जाहीर करता येतंय, तिथं दिवसा मर्यादा ५० डेसिबल. घाबरू नका, बालवाडीतला आवाज बालवाडीच्या आतनंच येतो. वर पत्रा, खाली फरशी, मधी चाळीस पोरं, आवाज घुमतो म्हणून बाई ओरडतात, बाई ओरडतात म्हणून पोरं ओरडतात. गॅदरिंगला तर स्टेजच्या दोन्ही बाजूला माणसाच्या उंचीचे स्पीकर आणि मधी फुलपाखरू झालेली चार वर्षांची पोरगी. मोठा माणूस गोंगाटात अर्धा शब्द ऐकून उरलेला अंदाजानं भरतो, तिच्याकडं अजून शब्दच नाहीत तर भरणार काय? पण तेवढ्यात गाणं बदलतं, सोडा.

हे सगळं केलं तरी रिझल्ट लगेच दिसत नाही, धीर धरा. आतल्या कानात साधारण पंधरा हजार बारीक केसपेशी असतात, मेल्या की परत उगवत नाहीत, आणि पहिल्यांदा बारीक, वरच्या पट्टीतलं ऐकू येणं जातं. म्हणजे दार आपटलं की पोरगं बघणार, नावानं हाक मारली तर ओ देणार, फक्त स, श, फ असली अक्षरं गळत जाणार. घरचे म्हणणार ऐकू येतंय की चांगलं, मुद्दाम करतंय, आणि एक धपाटा. आजी कानात तेल कोमट करून घालणार. बाई वहीत लिहून पाठवणार, लक्ष देत नाही.

मग कधीतरी तपासणीला न्यावंच लागतं. आमच्या नात्यातल्या एका पोराबरोबर मी गेलो होतो, साडेचार वर्षांचा. त्याच्या कानाला हेडफोन लावला, पुढं बादली आणि ठोकळे, बारीक आवाज आला की एक ठोकळा बादलीत टाकायचा, असा खेळ. दोन-तीन ठोकळे पडले. मग तो एक ठोकळा हातात धरून मॅडमच्या तोंडाकडं बघत बसला, बराच वेळ, त्यांनी बटण दाबलंय का ते चेहऱ्यावरनं कळतंय का बघत.

मागनं त्याचा बाप म्हणाला, "मॅडम, आवाज वाढवा की जरा."