"दादा, तुला हे पण येत नाही?"

परवा मैत्रिणीचा फोन आला. दोन्ही मुलांना शाळेतून काढून घरी शिकवायचं तिच्या मनात आहे. कारण काय, तर "घरी निदान तुलना तरी होणार नाही गं." मी म्हटलं, बाई, हे फोनवर संपणारं नाही, लिहूनच टाकते.

२०२२ च्या दिवाळीनंतर आम्ही पोरांना घरी शिकवायला लागलो. थोरली आता तेराची, मधला दहाचा, धाकटीला सातवं लागलंय. नावं लिहीत नाही, कारण थोरलीने तशी अट घातली आहे. ही पोस्ट तिने आधी वाचली आणि दोन वाक्यं खोडून मग परवानगी दिली.

तर तुलना. शाळेत तीन पोरं तीन वर्गांत बसतात. कोण कुठे अडलं ते दुसऱ्याला संध्याकाळी कळतं, तेही कळलं तर. घरी एकच टेबल. मधला एखाद्या शब्दावर थांबला की धाकटी पोहे खाता खाता पलीकडून उत्तर देऊन मोकळी. थोरलीला बेरजेसाठी बोटं लागतात हे तिच्यापेक्षा तीन वर्षांनी लहान असलेल्या भावाला रोज, समोर बसून दिसतं. शाळेत वर्गातल्या हुशार पोरीचा राग करता येतो, पण इथे ती हुशार पोरगी रात्री तुमच्याच पांघरुणात शिरते.

गेल्या दिवाळीच्या आधीची गोष्ट. तासगावहून एसटीने सांगलीला चाललो होतो. धाकटीला नुकतंच वाचता यायला लागलं होतं, त्यामुळे दिसेल ती पाटी मोठ्याने. कृषी सेवा केंद्र. खते, बी-बियाणे व औषधे. येथे बेदाणा स्वच्छ करून मिळेल. कवठेएकंद मागे पडलं आणि एक पाटी तिच्याकडून हुकली. खिडकीशी बसलेल्या भावाला तिने विचारलं, "दादा, काय लिहिलं होतं रे?" तो गप्प. "दादा, तुला हे पण येत नाही?"

त्यात कुचकेपणा नव्हता. तिला खरंच नवल वाटलं होतं, तिच्या लेखी दादाला सगळं येतं. तो उठला आणि पुढे दाराजवळ जाऊन दांडी धरून उभा राहिला, थेट सांगली स्टँड येईपर्यंत. त्यानंतर सात आठवडे त्याने पुस्तकाला हात लावला नाही.

मधल्याला डिस्लेक्सिया आहे, म्हणजे वाचताना-लिहिताना अक्षरांशी झगडावं लागतं. दुसरीत असताना वहीभर लाल शेरे यायचे, "लक्ष देत नाही", "आळशीपणा". आठव्या वर्षी पुण्याला नेऊन तपासण्या केल्या तेव्हा त्या आळशीपणाचं नाव कळलं. आपल्याकडे एक ठाम समज आहे की हा इंग्रजीचा त्रास, मराठी कसं बोलतो तसंच लिहायचं, त्यात अवघड काय? मग "किती" हा शब्द बघा. वेलांटी डोळ्याला आधी भेटते, तोंडात मात्र नंतर येते. र तर बहुरूपीच. "प्रकाश"मध्ये पायाशी, "सूर्य"मध्ये पुढच्याच्या डोक्यावर, "राष्ट्र"मध्ये ट च्या खाली, "वाऱ्या"मध्ये नुसता एक वाकडा तुकडा. वर घ-ध, भ-म, थ-य या जुळ्यांच्या जोड्या. अक्षर आणि उच्चार यांची सांगड ज्याच्या डोक्यात सावकाश बसते, त्याच्यासाठी एक परिच्छेद म्हणजे चढणीचा घाट.

थोरलीचं उलटं. चौथीत असताना कपाटातली मोठ्यांची पुस्तकं वाचून संपवली, पण आकडे म्हटलं की अंगावर काटा. "त्रेपन्न" ऐकलं की कानावर आधी तीन पडतात, मग पन्नास, आणि हात ३५ लिहून मोकळा. "एकोणसाठ"मध्ये साठ ऐकू येतात आणि लिहायचे ५९. जून २०१९ मध्ये ती दुसरीत होती. आठवतंय का तो जून? बालभारतीच्या दुसरीच्या गणितात "वीस एक, वीस दोन" आलं आणि अख्खा महाराष्ट्र हसत सुटला. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर समजावून सांगत होत्या की जोडाक्षरांची, उलट्या क्रमाची नावं लहान मुलांना जड जातात, जुनी नावं काही काढून टाकलेली नाहीत. ऐकतंय कोण. मीसुद्धा चार विनोद फॉरवर्ड केले. आणि त्याच आठवड्यात माझी पोरगी ओट्याखाली पाटी घेऊन एकोणचाळीसवर रडत बसली होती. दोन्ही गोष्टी मी एकाच दिवशी केल्या असतील, विनोद पाठवले आणि तिच्यावर खेकसले. आज घरात आम्ही बिनदिक्कत "पन्नास तीन" म्हणतो. कुणाला हसायचं तर हसा.

धाकटीला सगळं पटकन येतं, आणि एकदा चुकलं की पेन्सिल भिरकावते. तिच्याबद्दल इतकंच, कारण तिच्यासाठी वेळच उरत नाही. त्याची टोचणी वेगळी.

"तू बी.एड. आहेस, तुला काय," असं लोक म्हणतात. बी.एड.मध्ये साठ पोरांच्या वर्गाचं पाठ टाचण काढायला शिकवलं. तीन पोरांचं कुणी शिकवलं नाही. पहिल्या वर्षी मी सगळीकडे सांगितलं जातं तेच केलं, एक विषय आणि तीन पातळ्या. महिनाभर "पाणी". थोरलीने निबंध लिहिला, धाकटीने गाणं म्हटलं, मधल्याने जुना पंप खोलून परत जोडला. मी फोटो टाकले, तुम्हीच लाईक केलेत. पण नंतर माझ्या लक्षात आलं की त्या महिन्यात मधल्याला एक ओळही वाचावी लागली नव्हती. मीच त्याला अलगद वाचवलं होतं. ज्याला जे जमतं ते त्याला द्यायचं, याचा दुसरा अर्थ जे जमत नाही त्यातून त्याला गुपचूप वगळायचं असाही होतो, आणि पोरांना तो अर्थ बरोबर कळतो.

म्हणून "प्रत्येक मूल वेगळं असतं" हे वाक्य ऐकलं की आता माझं डोकं फिरतं. वाक्य खरं आहे, पण ते कुठे वापरतात बघा. आमचं मोटर वाइंडिंगचं दुकान आहे. द्राक्षाचा भाग, बोअरच्या मोटरी जळायच्या थांबत नाहीत. मधला शाळेत असल्यापासून दुकानात बसतो. कॉइलचे वेढे मोजताना गिऱ्हाईक बोलत असलं तरी त्याचा आकडा चुकत नाही. मग पाहुणे म्हणणारच, "हात चांगलाय की त्याचा. बापाचा धंदा आहे, वाचून काय दिवे लावायचेत?" हे कौतुक म्हणून म्हणतात. पोराला वाचायचं असतं हो! बहीण वाचते, ताई वाचते, त्यालाही गोष्टीचा शेवट कुणाला न विचारता कळायला हवा असतो.

बसच्या त्या दिवशी रात्री दिवा मालवल्यावर नवरा म्हणाला, "मला पण असंच व्हायचं." मी म्हटलं, काय व्हायचं? "अक्षरं पळायची." दहावीला मराठीत दोनदा नापास झाला होता, हे मला लग्नानंतर चौदा वर्षांनी कळलं. त्याच्या दुकानातल्या डायरीत प्रत्येक मोटरीचे वेढे, तारेचा गेज, स्लॉट असं सगळं खुणांनी लिहिलेलं आहे. मला वाटायचं ही धंद्यातली भाषा. सकाळी चहाबरोबर मी पेपर मोठ्याने वाचून दाखवायचे, मला वाटायचं हौस आहे त्याला माझ्या तोंडून ऐकायची. हा त्रास घराण्यात चालत येतो असं पुण्याला सांगितलं होतं, तेव्हा मी मनातल्या मनात माझ्या मामाचं नाव घेऊन मोकळी झाले होते.

त्यानंतर टेबल मोडलं. म्हणजे आहे तिथेच आहे, पण तिघं एकदम त्यावर बसत नाहीत. सकाळी पाऊण तास धाकटी सासूबाईंकडे, मागच्या खोलीत. तेवढ्या वेळात दार लावून मी आणि मधला. आधी शब्द कानाने फोडायचा, टिचकी मारत, मग अक्षरं, आणि तेच दहा शब्द आठवडाभर. कंटाळवाणं आहे, फोटो काढण्यासारखं त्यात काही नाही. इतिहास-भूगोल मी वाचते, तो ऐकतो आणि तोंडी उत्तरं देतो, कारण वाचन मागे आहे म्हणून शिवाजी महाराजही मागे ठेवायचे का? थोरलीला कॅल्क्युलेटर दिला. त्यावर माझ्या वडिलांनी दोन दिवस फोन उचलला नाही.

वेळ सारखा वाटला जात नाही. सर्वांत जास्त मधल्याला, उरलासुरला दोघी बहिणींना. थोरली, म्हणजे हिशेब न जमणारी पोरगी, हा हिशेब मात्र बिनचूक ठेवायची. वर मी तिलाच धाकटीला शिकवायला बसवायचे, "तुझीही उजळणी होईल" असं गोड बोलून. एक दिवस म्हणाली, "आई, तुला तीन मुलं आहेत, पण मला दोन कशी झाली?" याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून ते बंद केलं, म्हणजे बरंचसं बंद केलं.

मैत्रिणीचा दुसरा प्रश्न कायद्याचा. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात ६ ते १४ वयाच्या मुलाला शाळेत घालणं हे पालकाचं कर्तव्य म्हटलं आहे, पण न घातल्यास पालकाला शिक्षा सांगितलेली नाही. सक्ती आहे ती सरकारवर. त्याच कायद्यात परत यायचं दारही आहे, मधे शाळा सुटलेल्या मुलाला त्याच्या वयाला साजेशा वर्गात प्रवेश मिळतो. दहावी बाहेरून द्यायची तर राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था (एनआयओएस) आहे, वयाची चौदा पूर्ण हवीत, पाच विषय निवडायचे, गणित घेतलंच पाहिजे असं नाही. आपल्या बोर्डाचा सतरा नंबरचा फॉर्म तर सगळ्यांना माहीत असतो. आणि २०१६ च्या दिव्यांग कायद्यात अध्ययन अक्षमता, म्हणजे डिस्लेक्सियासारख्या शिकण्यातल्या अडचणी, धरलेली आहे. प्रमाणपत्र असेल तर बोर्डाच्या परीक्षेत जादा वेळ मिळतो, लेखनिक मिळतो. म्हणून तिला म्हटलं, आधी शाळेत जाऊन हे माग, भांडून माग. आमच्या शाळेने ऐकून घेतलं असतं तर मी नोकरी सोडून घरी बसले नसते. घरी शिकवणं म्हणजे एका माणसाचा पगार आणि अख्खा दिवस, आणि तो माणूस कोण असतो ते सांगायला नको. त्याला क्रांती म्हणणाऱ्यांनी आधी कुकर लावून दाखवावा.

यंदा जूनपासून थोरली शाळेत परत गेली, दुसऱ्या शाळेत, आठवीत. तिनेच मागितलं. "मला मैत्रिणी पाहिजेत, भाऊबहीण नकोत." मला लागलं, खोटं कशाला सांगू. पाहुण्यांनी "फसलंच की मग तुमचं" म्हणून घेतलं. पहिल्या चाचणीत गणितात चाळीसपैकी अकरा मिळाले. हसत घरी आली, कारण शेजारच्या बाकावरच्या मुलीला नऊ होते.

मधला अजून सावकाशच वाचतो, पण वाचतो. संध्याकाळी सातला दुकानाचं शटर अर्धं खाली येतं आणि बापलेक स्पेअर पार्टच्या कंपनीचं मराठी माहितीपत्रक घेऊन बसतात. दोघांची बोटं एकाच ओळीखाली असतात. कोण आधी अडतं त्यावर पैज असते, हरणाऱ्याने बेदाणे द्यायचे. मी एकदा डोकावले तर "दिशादर्शक"वर दोघंही अडून बसले होते. त्या वेळेत धाकटीला दुकानात यायला बंदी आहे.