संसदेतील गोंधळामुळे कायदे अडत नाहीत

'विरोधक संसद बंद पाडतात, त्यामुळे देशाचे कायदे अडतात, मिनिटाला अडीच लाख रुपये वाया जातात. आपल्या पक्षांत कशावरही एकमत होत नाही, तेव्हा अशा खासदारांना सरसकट निलंबित करून कामकाज उरकावे,' अशा आशयाचा संदेश सध्या फिरतो आहे. आयुष्यभर नागरिकशास्त्र शिकवलेल्या माझ्या मामांनीही तो विश्वासाने पुढे पाठवला, म्हणून हे लिहिणे भाग पडले.

कायदे अडतात, हा मुख्य दावाच मुळात टिकत नाही. १४ मार्च २०१८ रोजी लोकसभेत गदारोळ चालू असतानाच सर्व मंत्रालयांच्या खर्चाच्या मागण्या आणि वित्त विधेयक चर्चेविना मंजूर झाले. संदेशात सुचवलेला निलंबनाचा उपायही करून झाला आहे. डिसेंबर २०२३ मध्ये संसदेच्या सुरक्षाभंगाबद्दल गृहमंत्र्यांनी निवेदन करावे, या मागणीवरून गोंधळ झाला आणि लोकसभेचे १०० व राज्यसभेचे ४६ खासदार निलंबित झाले. त्याच अधिवेशनात भारतीय दंड संहिता, फौजदारी प्रक्रिया संहिता आणि पुरावा कायदा यांची जागा घेणारी तिन्ही विधेयके संमत झाली. अटक, कोठडी आणि शिक्षा ठरवणारे हे कायदे प्रत्येक नागरिकाला लागू होतात. त्यांच्यावर मतदान होताना निलंबित खासदारांच्या लक्षावधी मतदारांच्या वतीने बोलणारे सभागृहात कोणीही नव्हते. गोंधळात सरकारचे विधेयक सहीसलामत पार पडते, मात्र प्रश्नोत्तराचा तास आणि कलमवार चर्चा बुडते. याला उपाय म्हणून विरोधकांनाच बाहेर काढा, असे सांगणे घातक आहे.

तडजोड खरी घडते ती संसदीय समित्यांमध्ये, कारण तेथे कॅमेरे नसतात आणि पक्षादेशही चालत नाही. पीआरएस लेजिस्लेटिव्ह रिसर्च या संस्थेच्या नोंदींनुसार पंधराव्या लोकसभेच्या काळात ७१ टक्के विधेयके समित्यांकडे गेली होती. सतराव्या लोकसभेच्या काळात हे प्रमाण १६ टक्क्यांवर आले. विधेयक समितीकडे पाठवायचे की नाही, हे ठरवण्यात सरकारी बाजूचाच शब्द चालतो, याचा त्या संदेशात उल्लेखही नाही.

एकमत होतच नाही, हेही चूक. वस्तू व सेवा कराची घटनादुरुस्ती राज्यसभेत २०१६ मध्ये २०३ विरुद्ध शून्य मतांनी आणि महिला आरक्षणाची २०२३ मध्ये २१४ विरुद्ध शून्य मतांनी मंजूर झाली. अडीच लाखांच्या हिशेबाबद्दल एवढेच सांगतो की, वेतन आणि आस्थापनेचा खर्च कामकाज चालले तरी होतोच.

विरोधक अधिवेशने वाया घालवतात, एवढे मात्र मान्य करावे लागते. २०१० चे हिवाळी अधिवेशन टू-जी प्रकरणी, म्हणजे मोबाइल सेवेच्या ध्वनिलहरी वाटपातील कथित गैरव्यवहाराच्या चौकशीसाठी, संयुक्त संसदीय समिती नेमण्याच्या मागणीवरून जवळजवळ पूर्ण बुडाले. तेव्हा विरोधी बाकांवर भारतीय जनता पक्ष होता आणि समिती नाकारणारे सरकार काँग्रेसप्रणीत आघाडीचे होते. पुढे २०११ च्या मार्चमध्ये त्याच सरकारने ती समिती नेमली.