‘पुण्याला गेलो असतो तर’चा हिशोब

नमस्कार सर,

समांतर विश्वांच्या कादंबरीवरच्या माझ्या लेखाला तुम्ही दिलेल्या प्रतिक्रियेत तीन आक्षेप आहेत. माणसाने निर्णय घेतला की विश्व फुटतं, हे भौतिकशास्त्रात बसत नाही. सगळंच कुठे ना कुठे घडत असेल तर निवडीला अर्थ उरत नाही. आणि समांतर विश्वांच्या कादंबरीतून आयुष्याचे धडे काढणं म्हणजे कुंद्याच्या (आमच्या बेळगावच्या मिठाईच्या) डब्यावरचं नाव वाचून पोट भरणं. (ही उपमा झकास आहे ओ.)

पहिला आक्षेप मान्य, लेखातलं ते वाक्य काढलं आहे. भौतिकशास्त्रज्ञ ह्यू एव्हरेट यांनी १९५७ साली प्रिन्स्टनला अनेक विश्वांची जी मांडणी केली, तिच्यात माणसाच्या निर्णयाला खास जागा नाही. चांदीचा अणू चुंबकातून जाताना वर वळला की खाली, याची नोंद आजूबाजूच्या असंख्य कणांत उमटते, तेव्हा विश्वाच्या फांद्या वेगळ्या होतात: एकीत अणू वर, दुसरीत खाली. डोक्यात ‘जाऊ की नको’ चालू असतं तेव्हा दोन्ही पर्याय असे एकत्र तरंगत नसतात. भौतिकशास्त्रज्ञ मॅक्स टेगमार्क यांनी २००० साली मांडलेल्या गणितानुसार मेंदूतली अशी दुहेरी अवस्था सेकंदाच्या दहा लाख कोटीव्या भागाच्या आतच मोडते. चेतापेशीच्या एका संदेशालाच मिलिसेकंद लागतो. कादंबरीतला नायक चौकात डावीकडे वळला म्हणून विश्व फुटलं, ही लेखकाची सोय.

दुसरा मात्र मान्य नाही. ‘सगळं घडतं’ म्हणजे ‘सगळं सारखंच घडतं’ असं नव्हे. फांद्यांना वजन असतं. दोन पर्यायांचे आयाम (समीकरणात प्रत्येक पर्यायाला मिळणारा आकडा) ०.६ आणि ०.८ असतील तर वर्ग करून वजनं ३६ आणि ६४ टक्के येतात. ऊर्जा अक्षय्यतेला धाब्यावर बसवणारी फांदी तर कुठेच नसते. हे वजन म्हणजे ‘शक्यता’च का मानायची, यावरचं भांडण अजून मिटलेलं नाही, तेवढं तुमच्या बाजूने धरा.

आता कुंदा, म्हणजे तिसरा आक्षेप. सीमाभागातल्या माणसाला ‘जर-तर’ शिकवावं लागत नाही. बेळगाव महाराष्ट्राऐवजी तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेलं ती १ नोव्हेंबर १९५६ ही तारीख घराघरात तेच काम करते. पण घरगुती ‘जर-तर’ सहसा चुकीच्या पद्धतीने केलं जातं, आणि कादंबरी नेमकी इथे उपयोगी पडते. खानापूरच्या एखाद्या मुलाने बारावीनंतर बेळगावातच इंजिनिअरिंग केलं आणि चाळिशीत ‘पुण्याला गेलो असतो तर’ हे पालुपद धरलं, असं समजा. तो करतो काय? तिथली उत्तम फांदी घेतो आणि इथल्या रोजच्या दिवसाशी ताडतो. पगार पुण्याचा धरतो. खोलीभाडं, मेस आणि घरी कुणी आजारी पडल्यावर करावे लागणारे साडेतीनशेच्या आसपास किलोमीटर धरत नाही.

त्याने कागद घ्यावा. वर फाटा, म्हणजे वाट जिथे वेगळी झाली असती तो क्षण, लिहावा, महिन्या-वर्षासकट. बदल एकच. नारळीकरांच्या पानिपताच्या कथेत १४ जानेवारी १७६१ ला विश्वासरावांना लागलेली गोळी चुकते, बाकीचं त्यातून ओघाने येतं. आपण मात्र गोळीही चुकवतो, अब्दालीलाही आजारी पाडतो आणि वर रसदही वेळेवर पोचवतो! मग कड्या लिहाव्यात: प्रवेश मिळाला असता, अभ्यास झेपला असता, कॅम्पसमधून नोकरी लागली असती, मंदीत ती टिकली असती. प्रत्येक कडीला आकडा द्यायचा, पण ‘आधीची कडी झाली असं धरून’. प्रवेशच नाही तर कॅम्पस कुठलं? सढळ हाताने चारही कड्यांना ७० टक्के दिले तरी गुणाकार २४ टक्क्यांवर येतो. पाचवी जोडली, म्हणजे हिंजवडीत स्वतःचा फ्लॅट, की १७. इथे हटकून होणारी चूक म्हणजे बेरजेची सवय: ७० टक्के चारदा लिहिलेले दिसले की मनात सरासरी ७० च राहते.

आकडे अंदाजाचेच असतात, कबूल. म्हणून ५० आणि ९० धरूनही करून बघावं: चार कड्यांना ६ आणि ६६ येतात. एवढी तफावत पडत असेल तर ते पालुपद आकड्यावर उभं नाही, मनःस्थितीवर आहे, हे त्याचं त्यालाच दिसतं.

उरलेल्या ७६ टक्क्यांत काय, हेही लिहायचं. हा रकाना बहुतेक जण कोराच ठेवतात. आणि तोच सोपस्कार बेळगावच्या फांदीलाही लावायचा: ती आज खरी झाली आहे म्हणून १०० टक्के दिसते, पण त्या जून महिन्यात तीही चार कड्यांचीच होती.

शेवटी तुम्ही विचारलंत, कादंबरीतला नायक दुसऱ्या विश्वातून परत कसा येतो? येऊ शकत नाही. या मांडणीमागचं श्रोडिंगरचं समीकरण रेषीय आहे, म्हणजे त्यात प्रत्येक फांदी दुसरी नसल्यासारखीच पुढे जाते. वेगळ्या झालेल्या फांद्या एकमेकींना ढकलत नाहीत, निरोप देत नाहीत, दार तर दूरच. पण ते दार लेखकाने बंद ठेवलं असतं तर कादंबरी दुसऱ्या प्रकरणातच संपली असती की ओ.