स्वीडनमधलं चर्च हललं म्हणून मावशीची बिल्डिंग हलणार नाहीये

परवा मावशीला फोन केला, घर कधी रिकामं करताय विचारायला. तर म्हणे, "अरे आता कशाला, स्वीडनला अख्खं चर्च चाकांवर घालून नेलं, आपली बिल्डिंग पण तशी उचलता येते, बिल्डर लोक सांगत नाहीत." आणि फॉरवर्ड पाठवला. मावशीची बिल्डिंग डोंबिवलीत, चार मजली, अतिधोकादायक म्हणून नोटीस लागलेली. फॉरवर्डमध्ये चार गोष्टी आहेत: चर्च एका रात्रीत हलवलं, आत माणसं राहत असतानाच बिल्डिंग हलवतात, खर्च फार नाही, आणि तिकडे जुनं काही पाडतच नाहीत.

चर्च हललं हे खरंय, व्हिडिओ पण खराच आहे. किरुना नावाचं गाव, लोखंडाच्या खाणीमुळे खालची जमीन खचतेय म्हणून गावच सरकवतायत. पण एका रात्रीत नाही. 19 आणि 20 ऑगस्ट 2025, दोन दिवस, भर दिवसा, आणि त्याआधी आठ वर्षं तयारी. अंतर पाच किलोमीटर, वेग ताशी अर्धा ते दीड किलोमीटर. रस्ता 9 मीटरचा होता तो 24 मीटर केला, वाटेतला पूल काढला. आता मावशीच्या गल्लीत दोन रिक्षा समोरासमोर आल्या तर एकीला रिव्हर्स घ्यावा लागतो, तिथून चार मजले कुठून काढणार?

आत माणसं असताना हलवतात, हे ज्याने लिहिलं त्याचा मला खरंच राग आलाय, कारण ते वाचून म्हातारी माणसं घर सोडायला तयार नाहीत. त्याखाली जो काळापांढरा फोटो चिकटवलाय तो किरुनाचा नाहीच. तो अमेरिकेतल्या इंडियानापोलिसचा, 1930 सालचा, टेलिफोन कंपनीची आठ मजली बिल्डिंग. ती हलवताना आत सहाशे लोक काम करत होते हे खरं. पण ती होती स्टीलच्या सांगाड्याची, धडधाकट, रस्त्याने कुठे गेली नाही, त्याच प्लॉटवर सरकवून काटकोनात फिरवली आणि त्यालाही महिना लागला. किरुनाचं चर्च लाकडी, वजन 672 टन, हा आकडा खाण कंपनी एलकेएबीनेच दिलाय, आणि हलवताना आत कोणी राहत नव्हतं. आपली आरसीसी बिल्डिंग उचलायची तर आधी खाली बीम घालून पिलर कापावे लागतात, म्हणजे सगळा भार काही काळ त्या जॅकवर आणि वरच्या पिलरांवर. मावशीच्या जिन्याखालचा पिलर मी बघितलाय. प्लास्टर कधीच पडलंय, सळ्या गंजून फुगल्यात, बोटाने खरवडलं तर पापुद्रे हातात येतात, शेजारी लोखंडी टेकू लावलाय. हा पिलर कापायचा?

खर्च, सुमारे 50 कोटी क्रोनर, म्हणजे आपले साडेचारशे कोटी, एका चर्चचे. तेही सरकारी खाण कंपनीने भरले. तुमच्या सोसायटीत मेंटेनन्स थकलाय.

आणि जुनं पाडत नाहीत हे तर साफ खोटं. किरुनात जुना टाऊन हॉल पाडला, फक्त त्याचा घड्याळाचा मनोरा नव्या टाऊन हॉलजवळ नेला. कितीतरी घरं पाडली, हजारो लोकांना घर सोडून नव्या जागी जावं लागतंय.

हां, एक मान्य करतो. आपल्याकडे जॅक लावून घरं उचलतात, पावसाचं पाणी शिरतं म्हणून जोतं दोन-चार फूट वर घेतात. पण ती बहुतेक छोटी, धड घरं असतात. आणि बिल्डरवर आंधळा विश्वास ठेवू नका हेही बरोबरच आहे. त्यासाठी कायमस्वरूपी पर्यायी जागेचा करार रजिस्टर करून घ्या, भाड्याचं लेखी घ्या, वकिलाला दाखवा, भांडा हवं तर. पण ते सगळं बाहेर राहून भांडता येतं.

मावशी, हे तुझ्या ग्रुपवर टाक. जोशीकाकूंना वाचून दाखव, त्यांना चष्म्याशिवाय दिसत नाही. मी रविवारी सकाळी टेम्पो घेऊन येतोय, आधी देवघर आणि काकांची औषधं काढू.