घाम न गाळता बी.पी.एड. व्हायचंय? या, बसा

राजेहो, बारावीचा निकाल लागला. गणितात कसंबसं निभावलं, डी.एड.ला आता कुणी विचारत नाही आणि फार्मसीची फी बापाच्या कापसात बसत नाही. घाबरू नका, शारीरिक शिक्षण आहे. गावातली जाणती माणसं सांगतातच, ‘पोट्टं अभ्यासात ढ आहे, टाका खेळाकडे.’ त्यांचं ऐका. शरीराचा अभ्यास डोकं नसलेल्यांनीच करायचा असतो, यावर आपल्याकडे सरपंचापासून संस्थाचालकापर्यंत सगळ्यांचं एकमत आहे.

कोर्स कोणता, यात फार शिरू नका. बारावीनंतरची शारीरिक शिक्षणाची पदवी बी.पी.ई.एस. वेगळी, पदवीनंतरची खेळाच्या शिक्षकाची बी.पी.एड. वेगळी आणि पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा, म्हणजे एनआयएसचा, कोचिंगचा डिप्लोमा आणखी वेगळा. बी.पी.एड.ला मुलांना शिकवायचं कसं ते शिकवतात, एनआयएसला एकाच खेळाचा प्रशिक्षक तयार करतात. हा फरक ज्याला कळला त्याला पुढे फार त्रास होतो. बी.पी.एड. पूर्वी एका वर्षात व्हायचं, २०१५ पासून दोन वर्षांचं झालं. म्हणजे न जायला आता दुप्पट वर्ग मिळतात.

कॉलेज निवडताना ग्राउंड पाहू नका, प्रयोगशाळा तर विचारूही नका. एकच प्रश्न विचारा : ‘सर, यायचं किती दिवस?’ मग टेबलापलीकडचा बाबू इकडेतिकडे पाहून हळूच ‘नॉन अटेंडिंग’ म्हणेल. तेच तुमचं कॉलेज. फीमध्ये काय काय येतं ते तोच सांगेल, पावती किती रकमेची फाटेल तेही सांगेल. हजेरीपटावर तुमची सही तुमच्यापेक्षा चांगल्या अक्षरात होत राहील.

जर्नल सीनियरचं उतरवा. एका कॉलेजातली जर्नलं मी पाहिली आहेत. विश्रांतीच्या वेळी नाडी मोजायचं प्रात्यक्षिक होतं आणि अख्ख्या वर्गाची नाडी ७२! पळणाऱ्याची ७२, तंबाखू खाणाऱ्याची ७२, त्या दिवशी मामाच्या लग्नाला गेलेल्याचीही ७२. परीक्षकांनी सगळ्यांना सही दिली. हाडं २०६ असतात एवढं तोंडी परीक्षेला पुरतं. त्यातलं कुठलं कुठे असतं, हे पोरांच्या पायात मोडल्यावर एक्स-रेवाला सांगतो.

अभिमान मात्र बाळगा. अमरावतीचं श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ चं, आणि १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी त्यांच्या चमूने तिथे आपल्या देशी खेळांची प्रात्यक्षिकं करून दाखवली. हे २९ ऑगस्टच्या, क्रीडा दिनाच्या भाषणात ठोकून द्या. त्या काळी वऱ्हाडातून जर्मनीपर्यंत जाऊन आलेल्या लोकांचे आपण वारस, आणि तालुक्याच्या ग्राउंडवर चुन्याची फक्की मारता मारता आपल्याला दुपार होते, हे मात्र भाषणात घेऊ नका.

नोकरी लागली की वॉर्मअपचं शास्त्र फार सोपं. दोन राउंड मारायला लावा, मग पाय ताणून उभं करा आणि तुम्ही मोबाइल पाहा. एकेक स्नायू मिनिटभर ताणून लगेच शंभर मीटर पळवलं तर पायातला जोर वाढत नाही, उलट थोडा कमीच होतो. त्यापेक्षा गुडघे उचलत, उड्या मारत, वेग वाढवत अंग गरम करावं, हे पुस्तकात आहे. पण पुस्तक नॉन अटेंडिंगवाल्यांना मिळत नाही.

पोरगं दुसऱ्या दिवशी लंगडत आलं तर ‘लॅक्टिक अ‍ॅसिड जमलं’ म्हणा. ते पळून झाल्यावर तासाभरात निघून गेलेलं असतं. पण शब्द भारी आहे, पालक गप्प होतात.

घोटा मुरगळला? गावातला नस बसवणारा आहेच.

मुलींची पाळी आणि अंगातलं लोह हा धडा आला की पान उलटा.

खरा पैसा मात्र भरतीत आहे. हायवेवर एखादा गाळा घ्या, बाहेर वर्दीतला फ्लेक्स लावा, झाली अकॅडमी. पोलीस भरतीत मैदानी चाचणी ५० गुणांची. पोरांना १६०० मीटरला २०, शंभर मीटर आणि गोळ्याला १५-१५. म्हणून सगळ्या पोरांना रोज पहाटे डांबरी रस्त्यावर १६०० मीटर जीव तोडून पळवा. रोज, सुट्टी नाही. दम महिन्याभरात वाढतो, हाडाला मात्र त्या माऱ्याची सवय व्हायला कितीतरी जास्त वेळ लागतो, म्हणून नडगी दुखायला लागते. दुखलं की ‘मर्द आहे ना बे?’ विचारा. दुखणं एका जागी, बोट ठेवता येईल असं झालं की हाडाला चीर गेल्याचा संशय घ्यायचा असतो आणि पळणं बंद करायचं असतं. पण महिन्याची फी घेतली आहे, बंद कसं करणार? चिरलेल्या नडगीने पोरगं भरतीच्या ग्राउंडवर बसलं तर नशीब त्याचं, फ्लेक्सवर फोटो दुसऱ्याचा.

आता सगळ्यात महत्त्वाचा सल्ला, ऊन. स्पर्धा सकाळी सातला ठेवायची, पत्रिकेत तसं छापायचं, आणि पाहुणे येईपर्यंत पोरांना रांगेत उभं करायचं. परवा तालुक्याच्या शालेय स्पर्धेत हेच झालं. पाहुणे साडेदहाला आले, हार-तुरे झाले, चार भाषणं झाली, आणि सतरा वर्षांखालील मुलींची ३००० मीटर लागली तेव्हा ऑक्टोबरचं ऊन डोक्यावर. दोनशे मीटरचा ट्रॅक, पंधरा राउंड. सकाळी डब्याशिवाय घरून निघालेल्या पोरी. शेवटून तिसऱ्या राउंडला एक पोरगी वाकडीतिकडी पळायला लागली, फक्कीच्या आत-बाहेर, आत-बाहेर. लोक हसले. मग ती पडली.

सर धावले. डिग्रीवाले आहेत. त्यांनी कांदा मागवला, बुक्कीने फोडला आणि तिच्या नाकाशी धरला. ती काहीतरी असंबद्ध बोलत होती, शाळेचं नावही सांगेना, आणि सर तिच्या तोंडात बाटलीने पाणी ओतत होते. मी म्हटलं, ऊन लागलंय, हिला थंड करा. तर म्हणाले, ‘घाम येऊन राहिला न तिले, मंग ऊन कायचं?’ अहो, पळून पळून उष्माघात झालेल्याला घाम येत असतोच! कोरडी पडलेली कातडी शोधत बसाल तर पोरगी हातची जाईल. पळणारे स्नायू आतून भट्टी पेटवतात, दमट हवेत घाम वाळत नाही, आणि आतलं तापमान चाळीसच्या वर जाऊन माणूस बरळायला लागला की घड्याळ सुरू होतं. आधी थंड करा, मग गाडीत घाला. हा क्रम जगभर शिकवतात. तापमान मोजायला आमच्याकडे काहीच नव्हतं. प्रथमोपचाराची पेटी उघडली तर आत पावतीपुस्तक, शिट्टी आणि उरलेलं नारळ.

शाळेच्या झाडांसाठी भरलेलं सिमेंटचं टाकं होतं. दोन बायांनी आणि मी तिला कपड्यांसकट त्यात बसवलं, डोकं धरून ठेवलं, पाहुण्यांच्या सरबतासाठी आणलेला बर्फ आत टाकला. त्यावर सर माझ्यावरच ओरडले, ‘थंड-गरम होईल तिले, जबाबदार कोण?’ थोड्या वेळाने तिने आईचं नाव घेतलं, मग शाळेचं सांगितलं. दवाखान्यात नेलं, आता बरी आहे. सरांनी दरम्यान पुढची शर्यत लावली. त्याच उन्हात.

पुढचे सल्ले लिहिणार होतो. ग्रेस मार्कांची प्रमाणपत्रं कशी काढायची, पावडरचे डबे पोरांना कसे विकायचे, सगळं काढून ठेवलं होतं. पण आता मस्करी सुचत नाही.

सर, तुम्ही आणि तुमच्यासारखे. तुमच्या अभ्यासक्रमात शरीरक्रियाशास्त्र आहे, खेळातल्या दुखापती आहेत, प्रथमोपचार आहे. न जाता, न वाचता, दुसऱ्याचं जर्नल उतरवून तुम्ही तो कागद घेतला आणि त्या कागदावर आमच्या पोरी तुमच्या हवाली झाल्या. संस्थाचालक, तुम्ही खेळाच्या सरांना शिक्के मारायला, मतदार याद्या आणि खिचडीचा हिशोब करायला बसवता, खेळाचा तास गणिताला देता, आणि मग शाळेला शिल्ड का नाही म्हणून त्यांनाच झापता. जे खरंच शिकून आलेत, मैदानावर उभे राहून काम करू पाहतात, असे सर मला माहीत आहेत. तासिका तत्त्वावर राबतात आणि दिवाळीला पगाराची वाट पाहतात. आणि पालकहो, पोरीच्या दहावीच्या क्लासची चौकशी चार ठिकाणी करता ना? मग तिला उन्हात पळवणाऱ्या माणसाला एकदा तरी विचारा, काय शिकलात, कुठे शिकलात, बर्फ ठेवता का. राग आला तर येऊ द्या त्याला.

काल त्या सरांचा फोन आला. ‘भाऊ, प्रकरण वाढवू नका, आपल्याच तालुक्याचं नाव खराब होते.’ सर, वाढवतो आहे. वेळापत्रक, पेटीचा फोटो आणि बरळणाऱ्या पोरीला पाणी पाजल्याचं, सगळं लेखी दिलं आहे. पोच घेतली आहे. आता फोन करायचा तर उत्तर घेऊन करा.